विजेची गाडी, वाड्यातला जिना आणि पुराचे पाणी

मंडळाच्या कार्यक्रमाला येणाऱ्या गाड्यांमध्ये आता हिरव्या नंबरप्लेटच्या स्कूटर आणि मोटारी बऱ्याच दिसतात. पेट्रोलचा खर्च वाचतो, किक मारावी लागत नाही, आवाज नाही, धूर नाही. साठी ओलांडलेल्या सभासदांनाही त्या सोयीच्या वाटतात. त्याचबरोबर आमच्याकडे प्रश्नही येऊ लागले आहेत. दांडिया बाजारातल्या वाड्यात गाडी चार्ज कुठे करायची? शेजारी हरकत घेतात, ती बरोबर आहे का? विश्वामित्रीचे पाणी पार्किंगमध्ये शिरले तर काय करायचे? हायब्रीड गाडीलाही हेच नियम लागू होतात का? पावसाळ्यापूर्वी या सगळ्याची एकत्र माहिती द्यावी, म्हणून हा लेख.

धोका आहे, पण वेगळ्या जातीचा

विजेवर चालणारी गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त वेळा पेटते, असा समज आहे. तो खरा नाही. स्वीडनसारख्या ज्या देशांत अशा नोंदी नीट ठेवल्या जातात, तिथे पेट्रोल-डिझेलच्या मोटारींच्या मानाने विजेच्या मोटारींना आगी कमीच लागलेल्या दिसतात. मात्र बॅटरीची आग लागलीच, तर ती वेगळ्या रीतीने वागते. ते समजून घेतले की पुढची सगळी पथ्ये आपोआप पटतात.

या गाड्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्यात अनेक लहान-मोठे सेल एकमेकांना जोडून एका पेटीत बसवलेले असतात. एखादा सेल आतल्या आत शॉर्ट झाला, ठेचला गेला, प्रमाणाबाहेर चार्ज झाला किंवा फार तापला, की त्यातली रसायने स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. त्या उष्णतेने शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. याला थर्मल रनअवे म्हणतात. या क्रियेला बाहेरची ज्योत लागत नाही, त्यामुळे वरून ज्वाळा विझल्या तरी आत ती चालू राहू शकते. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनी पुन्हा पेटल्याची उदाहरणे आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे धूर. तो दाट, विषारी आणि ज्वालाग्राही असतो. पुष्कळदा माणसे ज्वाळांनी नव्हे, तर धुराने दगावतात.

एलएफपी प्रकारची बॅटरी एनएमसी प्रकारापेक्षा जास्त उष्णता सहन करते, म्हणून गाडी घेताना बॅटरी कोणत्या प्रकारची आहे हे जरूर विचारावे. पण एलएफपी म्हणजे पेटणारच नाही, असे समजू नये.

जिन्याखाली चार्जिंग नको

मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागली आणि वडील व त्यांची लहान मुलगी धुराने गुदमरून गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला एका इमारतीत खालच्या बाजूच्या ई-स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली. धूर वरच्या लॉजमध्ये चढला आणि ८ जणांचा मृत्यू झाला. आग खाली होती, माणसे वर होती आणि धूर त्यांच्या वाटेत होता.

आता आपला वाडा डोळ्यांसमोर आणा. रावपुरा, दांडिया बाजार या भागांतल्या जुन्या वाड्यांत बहुधा एकच लाकडी जिना असतो. जिन्याखालची जागा मोकळी असते, तिथेच मीटरचे बोर्ड असते आणि तिथेच स्कूटर लावायची पद्धत आहे. रात्री सगळे झोपल्यावर तीच स्कूटर तिथेच चार्जिंगला लागते. वर राहणाऱ्यांची खाली उतरायची एकमेव वाट तीच. बॅटरीच्या आगीसाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. म्हणून शेजाऱ्यांनी जिन्याखालच्या चार्जिंगला हरकत घेतली, तर ती भांडकुदळपणाची मानू नये. हरकत बरोबर आहे.

यावर उपाय असतो. अंगणात, पुढच्या ओट्याशेजारी किंवा मागच्या चौकात, दारापासून आणि जिन्यापासून दूर, वर पत्रा असलेली मोकळी जागा निवडावी. तिथे कायमचा पॉइंट काढून घ्यावा. शेजारी गॅसचे सिलिंडर, रद्दी, जुन्या गाद्या असे काही ठेवू नये. ज्या स्कूटरची बॅटरी काढून घरात नेता येते, त्यांच्या बाबतीत मोह जास्त असतो. ती बॅटरी झोपण्याच्या खोलीत, पलंगाखाली किंवा मुख्य दाराजवळ चार्ज करू नये. फरशीवर, गॅलरीच्या बाजूला, माणसे जागी असताना करावी.

गीझर चालतो, मग गाडी का नाही?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. मोटारीसोबत मिळणारा छोटा चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा असतो. २३० व्होल्टला त्याचा प्रवाह १४ अँपिअरच्या वर जातो. १६ अँपिअरच्या प्लगच्या हे अगदी काठावर आहे. गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र आठ-आठ तास सलग तेवढाच प्रवाह ओढते. सैल झालेला स्क्रू, काळवंडलेला सॉकेट, जुनी बारीक वायर हे पंधरा मिनिटांत तापत नाहीत, पण आठ तासांत तापतात. बॅटरी निर्दोष असूनही घराच्या वायरिंगमुळे आग लागू शकते.

तेव्हा लायसन्सधारक वायरमनकडून पुढील कामे करून घ्यावीत.

- गाडीसाठी बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी.
- अर्थिंग खरोखर काम करते का, याची मीटर लावून तपासणी. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, असे अनेकदा आढळते.
- ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गळती झाली तर तो वीज क्षणात तोडतो. गाडीसाठी टाइप ए किंवा चार्जरच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार घ्यावा.
- भिंतीवरचा ७ किलोवॅटचा चार्जर बसवायचा असेल, तर आधी मध्य गुजरात वीज कंपनीकडे मंजूर लोड वाढवून घेणे.

एक्स्टेन्शन बोर्ड, थ्री-पिनचा जोड, वरच्या मजल्यावरून खिडकीतून सोडलेली वायर हे तिन्ही प्रकार पूर्ण बंद करावेत. स्कूटरचा चार्जर कमी वीज घेतो हे खरे, पण अर्थिंग आणि आरसीसीबी त्यालाही हवेच. चार्जर गाडीच्या कंपनीचाच वापरावा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या चार्जरचा प्लग बसतो, पण त्याचे व्होल्टेज जुळेलच असे नाही. चार्ज करताना प्लगला हात लावून पाहावा. चटका बसण्याइतका गरम लागला, तर तिथेच थांबावे.

उन्हाळ्यातली पथ्ये

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. भर दुपारी चालवून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. अर्धा-एक तास सावलीत थंड होऊ द्यावी. उन्हात उभी करून चार्ज करू नये. गाडी पडली, खालून दगड लागला किंवा बॅटरीची पेटी चेपली, तर वरून काही दिसत नसले तरी सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवावी. बॅटरी फुगणे, गोडसर किंवा उग्र रासायनिक वास, फुसफुस किंवा फटफट आवाज, पांढरी वाफ ही धोक्याची लक्षणे आहेत. ती वाफ म्हणजे पाण्याची वाफ नव्हे, बॅटरीतून बाहेर पडणारा वायू असतो.

२०२२ मधल्या घटनांनंतर केंद्र सरकारने दुचाकींच्या बॅटरीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जुनी स्कूटर सेकंडहँड घेताना ती या तारखांच्या आधीची आहे की नंतरची, हे पाहावे. बॅटरी बाहेर कुठे उघडून सेल बदललेले असतील, तर ती गाडी घेऊच नये.

पुराचे पाणी शिरले तर

२०१९ चा जुलै-अखेर आणि २०२४ चा ऑगस्ट-अखेर बडोदेकर विसरणार नाहीत. पाण्यातल्या मगरींचे फोटो सगळीकडे फिरले, पण पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्यांचे नुकसान घरोघरी झाले. विजेच्या गाडीची बॅटरी पाणी आत जाऊ नये अशी बंद केलेली असते. रस्त्यावरच्या डबक्यातून जाण्यास तिला अडचण नाही. मात्र तास-दोन तासांचे पाणी वेगळे आणि दोन दिवस गढूळ, गटारमिश्रित पाण्यात बुडून राहणे वेगळे. आत ओल आणि गाळ शिरला की गंज चढतो, वीज भलत्या वाटेने वाहू लागते आणि पाणी ओसरल्यानंतर काही दिवसांनीही बॅटरी पेटू शकते. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयन चक्रीवादळानंतर समुद्राच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही गाड्यांचे असेच झाले. आपले पाणी खारे नाही, त्यामुळे धोका त्या मानाने कमी, पण पथ्ये तीच.

पुराचा इशारा मिळताच प्लग काढावा आणि गाडी उंचावर न्यावी. तळघरात ठेवू नये. गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर ती चालू करून पाहू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. शक्य असेल तर घरापासून व इतर गाड्यांपासून पन्नास फूट दूर, उघड्यावर ठेवावी आणि कंपनीला कळवावे. मोटार न्यायची झाल्यास पूर्ण गाडी वर चढवणारा ट्रकच मागवावा. चाके जमिनीवर ठेवून ओढत नेल्यास मोटर फिरते आणि वीज तयार होते. विम्याच्या माणसाने चालू करून दाखवायला सांगितले तरी नकार द्यावा. बुडालेल्या पार्किंगमधला चार्जिंगचा पॉइंटही वायरमनने तपासल्याशिवाय वापरू नये.

हायब्रीडचे निराळेपण

हायब्रीड गाडीत पेट्रोलची टाकीही असते आणि जास्त व्होल्टेजची बॅटरीही. नंबरप्लेट मात्र नेहमीची पांढरी असते, त्यामुळे बाहेरून ती ओळखू येत नाही. तिच्याबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे, असे नाही. समोर ‘रेडी’ दिवा असेल, तर पाय पडताच ती चालू लागेल. दुसरी, बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. बंद गॅरेजमध्ये गाडी रेडी अवस्थेत राहिली, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. हा वायू वासावरून कळत नाही. म्हणून उतरताना बटण दाबून गाडी बंद झाल्याची खात्री करावी. तिसरी, काही गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरी थंड करणारी जाळी असते. प्रवासात तिच्यावर पिशव्या, गोधड्या ठेवू नयेत.

दोन्ही प्रकारच्या गाड्यांत नारिंगी रंगाच्या वायरींना हात लावू नये. मोटारींत त्यांतून शेकडो व्होल्ट वाहतात. नेहमीच्या मेकॅनिकलाही हे सांगून ठेवावे.

आग लागलीच तर

पहिले काम माणसे बाहेर काढण्याचे. सुरक्षितपणे हात पोहोचत असेल, तरच मेन स्विच बंद करावा. धुरात शिरू नये, बॅटरी उचलून बाहेर फेकायला जाऊ नये. १०१ किंवा ११२ वर फोन करून “विजेची गाडी आहे” असे पहिल्याच वाक्यात सांगावे. अग्निशामक दल भरपूर पाणी मारून बॅटरी थंड करते, आणि त्यासाठी त्यांना आधी तयारी लागते. घरातले पावडरचे लहान सिलिंडर वायरिंगच्या आगीला सुरुवातीला उपयोगी पडते, बॅटरी पेटल्यावर नाही. जिना धुराने भरला असेल, तर खाली उतरू नये. दार लावून फटीत ओले कापड खोचावे आणि रस्त्याकडच्या खिडकीत उभे राहून हाक मारावी.

वाड्याने मिळून ठरवावे

“आमच्याकडे चार्जिंग चालणार नाही” एवढे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. लोक मग रात्री गुपचूप वायर सोडतात, आणि ते जास्त धोक्याचे. त्यापेक्षा वाड्यातल्या किंवा सोसायटीतल्या सगळ्यांनी एकदा बसावे, जिन्यापासून दूरची एक जागा ठरवावी, वायरिंगचा खर्च वापरणाऱ्यांनी वाटून घ्यावा, वेगळा मीटर बसवावा आणि जिन्याखालची जागा कायमची मोकळी करावी. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजी-आजोबा कोण, त्यांना रात्री कोण उठवणार, हेही त्याच बैठकीत ठरवून ठेवावे. गाडी विजेची असो वा पेट्रोलची, हे ठरलेले कधीही उपयोगीच पडेल. पाऊस सुरू होण्यापूर्वीचा एखादा रविवार त्यासाठी पुरेसा आहे.