भायखळ्याचे हिवाळे

मुंबईतल्या वस्तुसंग्रहालयांचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतो. जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की कागद, कापड, लाकूड आणि चामडं बुरशीपासून वाचवणं हेच तिथल्या माणसांचं मोठं काम होऊन बसतं. अंगणात खुर्च्या मांडण्याचा विचारही कुणी करत नाही. ऑक्टोबर उकाड्यात जातो. मग १९ नोव्हेंबरला जागतिक वारसा सप्ताह येतो, पाठोपाठ शाळांच्या सहली, नाताळची सुट्टी, जानेवारीतल्या कोरड्या, सुखद संध्याकाळी आणि काळा घोडा महोत्सव. मार्चच्या परीक्षा तोंडावर आल्या की सगळं आवरतं. जेमतेम साडेतीन महिने. पण हे शहर आपल्या इतिहासाविषयी जे काही मोठ्यानं बोलतं, त्यातलं बरंचसं या साडेतीन महिन्यांतच बोलतं.

या हंगामांचा मागोवा घ्यायचा तर दोन जानेवारींच्या मधला काळ मला सोयीचा वाटतो. जानेवारी २००८ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय अनेक वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर लोकांसाठी उघडलं. जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा एकदा उघडलं. मधल्या सतरा वर्षांत या शहरानं संग्रहालयात जायची सवय लावून घेतली, आणि त्यातली चार-पाच वर्षं शहराचं स्वतःचं संग्रहालय कुलूपबंद होतं.

हे संग्रहालयही एका डिसेंबरच्या सभेतून उभं राहिलेलं आहे. १८५८ च्या डिसेंबरात टाऊन हॉलमध्ये नागरिकांची सभा भरली, जगन्नाथ शंकरशेट समितीचे अध्यक्ष झाले, आणि डॉ. भाऊ दाजी व जॉर्ज बर्डवूड यांच्याकडे चिटणीसपद आलं. लोकवर्गणी जमली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी कोनशिला बसवली आणि २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' या नावानं दारं उघडली. गोव्यातल्या पेडण्याजवळच्या मांद्र्यात जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झालेले, शिलालेख वाचणारे आणि कुष्ठरोगावर औषध शोधणारे भाऊ दाजी दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये वारले. त्यांचं नाव या वास्तूला मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं.

माझ्या पिढीच्या लहानपणी ही वास्तू म्हणजे बागेतले प्राणी बघून परतताना डोकावायची जागा होती. आत काळोख, काचांवर धूळ, आणि 'हात लावू नका' एवढाच संवाद. २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसाजतन करणारी संस्था इंटॅक यांच्यात करार झाला. संवर्धन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झालं. ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी नक्षी, छताचे मूळ रंग आणि एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी कपाटांची चमक परत आली. २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान या कामाला मिळाला. इमारत उभी राहिली, पण त्यानंतरचे हिवाळे ज्यांनी भरून काढले त्यांचं श्रेय मला अधिक वाटतं. चकाचक केलेली पण रिकामी राहिलेली वास्तू या देशात काही कमी नाही.

२००८ नंतर तस्नीम झकारिया मेहता यांच्या नेतृत्वाखाली इथे जे घडलं त्याची सर्वांत जास्त चर्चा झाली ती समकालीन कलाकारांमुळे. सुदर्शन शेट्टींपासून सुरू झालेल्या मालिकेत कलाकारांनी जुन्या संग्रहाशी संवाद साधणारी कामं मांडली. २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर रबरी शिक्क्यांचं प्रचंड कोळ्याचं जाळं विणलं होतं. शिक्क्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची बदललेली, विस्मरणात गेलेली नावं होती. ते बघायला कलाजगतातली मंडळी आली, पण ते बघून खरे थबकले ते बागेत निघालेले लोक. ज्याचं बालपण एका नावाच्या रस्त्यावर गेलं आणि म्हातारपण त्याच रस्त्यावर दुसऱ्या नावाखाली चाललंय, त्याला समकालीन कला समजावून सांगावी लागत नाही.

तरीही या सगळ्या काळातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम बातम्यांत फारसं आलं नाही. शनिवारी आणि रविवारी इंग्रजी फेरी झाली की मराठी-हिंदीत मोफत फेरी निघायची. तिकीट तेव्हा दहा रुपये होतं, मुलांना पाच. 'म्युझियम कट्टा' या नावानं महाराष्ट्राच्या कला, साहित्य आणि समाजाविषयी कार्यक्रम व्हायचे. सुट्टीत मुलांसाठी माती, ठसे आणि नकाशे यांच्या कार्यशाळा असायच्या. या छोट्या गोष्टींचं महत्त्व कळायला संग्रहालयाचा पत्ता लक्षात घ्यायला हवा. एका बाजूला लालबाग, दुसरीकडे चिंचपोकळी, पुढे परळ. हे गिरणगाव. इथल्या माणसाला तिकीट परवडतं, पण आत गेल्यावर भाषा परकी असली तर तो दुसऱ्यांदा येत नाही.

वरच्या मजल्यावर मातीच्या प्रतिकृती आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल बर्न्स क्युरेटर असताना या संग्रहाची मोठी वाढ झाली. मुंबईत राहणाऱ्या वेगवेगळ्या जमातींची माणसं, त्यांचे पोशाख, पगड्या, धंदे, खेळ, खेड्यातले देखावे असं सगळं वीतभर उंचीत घडवलेलं आहे. हिवाळ्यातल्या मराठी फेरीत या कपाटांपुढे गर्दी सर्वांत जास्त वेळ थांबते, आणि का ते उघड आहे. लालबाग-परळची मुलं गणपतीच्या कारखान्यांच्या गल्ल्यांत वाढतात. माती किती मळावी, बोटं कशी जोडावीत, डोळे कधी काढावेत हे त्यांना ठाऊक असतं. 'ही बोटं वेगळी करून चिकटवली असणार' असं एखादं दहा वर्षांचं पोर मार्गदर्शकाच्या आधीच सांगून टाकतं. शंभर वर्षांपूर्वीचा अनाम कारागीर त्या क्षणी त्याच्या ओळखीचा होतो.

चांगला मार्गदर्शक मात्र तिथे थांबत नाही. या प्रतिकृती कुणी, कुणासाठी करवून घेतल्या, हेही तो विचारायला लावतो. राज्यकर्त्यांना रयत नमुन्यांत मांडून हवी होती. 'मराठा असा दिसतो, भंडारी असा, बोहरी असा.' ज्यांच्या पणज्यांचे हे नमुने, ती माणसं आता काचेच्या या बाजूला उभी राहून त्यांच्याकडे बघतात आणि चुका काढतात. पदर असा नाही घेत, टोपी अशी नाही बसत. गिरणगावातली आजी काचेतल्या बाईच्या लुगड्याचा काष्टा तपासते तेव्हा ती संग्रहालयाच्या नोंदवहीत भरच घालत असते. ते कुणी लिहून घ्यायला हवं.

याच काळात दक्षिण मुंबईत दुसरं एक संग्रहालय हिवाळे गाजवत होतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं सब्यसाची मुखर्जी यांच्या संचालकपदाच्या काळात जगभरातल्या वस्तू मुंबईत आणल्या. २०१२-१३ च्या हिवाळ्यात ब्रिटिश म्युझियममधून ममी आली आणि नेसपेरेनूब नावाच्या पुजाऱ्याच्या शवपेटीच्या आत काय आहे ते लोकांनी त्रिमिती चष्मे लावून पाहिलं. पुढच्या हिवाळ्यात सायरसची मृत्पट्टिका आली. बाबिलोन जिंकणाऱ्या इराणी राजाची ती घोषणा बघायला मुंबईचे पारशी आणि इराणी ज्या ओढीनं आले, तिच्यामुळे अडीच हजार वर्षांपूर्वीची ती वस्तू दोन महिने तरी मुंबईच्या स्थानिक इतिहासाचा भाग झाली, असं मी म्हणेन. २०१७-१८ मध्ये 'भारत आणि विश्व' या प्रदर्शनात दोनशेहून अधिक वस्तू शेजारीशेजारी मांडल्या गेल्या. ही कामं मोठी होती आणि मुंबईला त्यांचा अभिमान वाटावा अशीच होती. पण पाहुणी वस्तू फेब्रुवारीअखेर परत जाते. रांगेत उभा राहिलेला माणूस पुढच्या हिवाळ्यात परत येतो का, हे घरच्या वस्तूंवर अवलंबून असतं. त्या दृष्टीनं त्याच संग्रहालयानं २०१५ मध्ये बसमध्ये बसवलेलं फिरतं संग्रहालय आणि २०१९ मध्ये गोरखचिंचेच्या झाडाशेजारी उघडलेलं मुलांचं संग्रहालय मला जास्त टिकाऊ वाटतं.

काळा घोडा महोत्सवाचं वेगळं सांगायला हवं. १९९९ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव ज्या घोड्याच्या नावानं भरतो, तो घोडा तिथे नाही. युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी शहराला दिला, १८७९ मध्ये तो उभारला गेला आणि १९६५ मध्ये हलवला गेला. तेव्हापासून तो भायखळ्यात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. २०१७ मध्ये मूळ भागात स्वार नसलेला नवा घोडा उभा केला, तो छानच आहे. पण महोत्सवात लाखांची गर्दी उसळत असताना खरा काळा घोडा तीन स्टेशनं पलीकडे एकटा उभा असतो, याची मला दरवर्षी चुटपुट लागते. त्याच्या सोबतीला घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना यारीनं दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून तो आज इथे उभा आहे. महोत्सवातून एक बस भायखळ्याला काढली आणि या दोन प्राण्यांची गोष्ट मराठीतून सांगितली, तर कार्यक्रम करायला वेगळा मंडपही लागणार नाही.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळं बंद झालं. इतर संग्रहालयं हळूहळू उघडली, भायखळ्याचं उघडलं नाही. गळती आणि ओल यांमुळे इमारतीची दुरुस्ती हाती घ्यावी लागली आणि काम लांबत गेलं. चार अख्खे हिवाळे आणि पाचव्याचा अर्धा. २०२२ हे वर्ष तर मनाला लागून राहिलं. १० जानेवारीला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला लोकांसाठी उघडून शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा शहर ओमायक्रॉनच्या लाटेत होतं. २ मे रोजी भाऊ दाजी लाड संग्रहालयाला दीडशे वर्षं झाली, तेव्हा शेजारी पेंग्विन बघायला रांगा होत्या आणि संग्रहालयाचं दार बंद होतं. दूरस्थ व्याख्यानं झाली, अभ्यासवर्ग पडद्यावर चालले. त्यांनी पुण्या-नाशिकचे, अगदी परदेशातले श्रोतेही जोडले, हे खरंच. पण लालबागचं जे पोर २०२० मध्ये दहा वर्षांचं होतं, ते २०२५ मध्ये पंधराचं झालं. त्याचं मातीच्या बाहुल्यांपुढे उभं राहायचं वय त्या कुलपाआड गेलं. संग्रहालय बंद राहिल्याचा हिशेब बुडालेल्या तिकिटांत मांडतात. मला तो या वयांत मांडावासा वाटतो.

जानेवारी २०२५ मध्ये दारं पुन्हा उघडली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी काळा घोडा महोत्सवाचं पंचविसावं पर्व सुरू झालं. सोनेरी नक्षी पुन्हा उजळली आहे. पहिल्या रविवारांना गर्दीही झाली. आता कार्यक्रमांची घडी नव्यानं बसवायची आहे, कारण पाच वर्षांत प्रेक्षकांची एक फळी निसटते आणि ती जाहिरातीनं परत येत नाही. ती शाळेतल्या बाईंनी सहल आणली तर येते, चाळीतल्या कुणी 'चल, मराठीतून सांगतात' म्हटलं तर येते.

या नव्या हिवाळ्यांकडून माझी एक ठाम मागणी आहे. संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली मुंबई आहे, विसाव्याच्या आरंभीची आहे, पण भिंतीपलीकडचं गिरणगाव त्या मानानं फार थोडं आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवरच्या कापडगिरणी संग्रहालयाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. तेवढ्यात माणसं जाताहेत. १९८२ च्या गिरणी संपाच्या वेळी जो बदली कामगार वीस वर्षांचा होता, त्यानं आता साठी ओलांडली आहे. जो तेव्हा चाळिशीत होता, तो ऐंशीच्या पुढे आहे. साचा कसा चालायचा, भोंगा वाजल्यावर कोणत्या दारातून आत जायचं, खानावळीचा महिना किती, संप लांबला तेव्हा गावी कोण गेलं आणि कोण राहिलं, हे सांगणारी माणसं संग्रहालयापासून चालत येण्याच्या अंतरावर राहतात. डिसेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी सकाळी, अंगणात एक खुर्ची त्यांच्यासाठी मांडावी, समोर मुलं बसवावीत आणि ध्वनिमुद्रण करावं. प्रश्न विचारायला इतिहासाचे विद्यार्थी मिळतील, मुंबई विद्यापीठ काही फार दूर नाही. कपाटं नंतर भरता येतील. ही मुद्रणं येत्या दोन-तीन हंगामांतच करावी लागतील.