क्रॉसमॅग्लेन: तळाशेजारचं मैदान

उत्तर आयर्लंडच्या दक्षिण टोकाला, आयरिश प्रजासत्ताकाच्या सीमेला लागून क्रॉसमॅग्लेन हे आर्मा काउंटीतलं छोटं गाव आहे. लोकवस्ती दोन हजारांच्या आत. या गावातल्या क्रॉसमॅग्लेन रेंजर्स क्लबने 1997, 1999, 2000, 2007, 2011 आणि 2012 अशी सहा वेळा गेलिक फुटबॉलची अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा जिंकली. या यशाचं एक कारण नेहमी सांगितलं जातं. 1970च्या दशकात ब्रिटिश लष्कराने क्लबच्या मैदानाला खेटून तळ उभारला, मैदानाचा एक भाग ताब्यात घेतला, हेलिकॉप्टरं डोक्यावरून घिरट्या घालू लागली. त्या दडपणातून जी जिद्द निपजली तिनेच करंडक आणले, असं म्हणतात. क्लबने हे सगळं सोसलं आणि मैदान सोडलं नाही, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तरीही करंडकांचं श्रेय तळाला देणं म्हणजे गावाने पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या मेहनतीवर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

सालं पाहिली की हे ध्यानात येतं. अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा 1970-71च्या हंगामात सुरू झाली. पुढची पंचवीस वर्षं तळ होता, जाच होता, जिद्दही होती. पण नऊ काउंट्यांच्या अल्स्टर प्रांताचं विजेतेपद क्लबला पहिल्यांदा मिळालं ते 1996 साली. आणि लष्कराची उत्तर आयर्लंडमधली मोहीम 2007च्या जुलैत अधिकृतपणे संपली, त्यानंतरही क्लबने देशाचा करंडक लागोपाठ दोनदा पटकावला. दडपण हेच मूळ कारण असतं, तर हा क्रम उलटा दिसायला हवा होता.

खरं कारण शोधायला 1884 सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी थर्ल्समध्ये मायकेल क्युसॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. गेलिक फुटबॉल चालवणाऱ्या या संघटनेच्या क्लबांचा पाया म्हणजे पॅरिश, एका चर्चभोवतीची वस्ती. माणूस जिथला, तिथल्याच क्लबकडून खेळतो; क्लब बदलणं सोपं नाही, आणि खेळण्याचा पगार कुणालाच मिळत नाही. पंधरा-पंधरा जणांचा हा खेळ हातापायांनी खेळतात. 2024पर्यंत आडव्या दांडीवरून चेंडू गेला की एक गुण मिळत असे; दांडीखालून जाळ्यात गेला की तीन मिळतात. अशा खेळात बाहेरून खेळाडू विकत आणता येत नाही, म्हणून क्लबचं सगळं भांडवल म्हणजे गावातली मुलं आणि त्यांना शिकवायला संध्याकाळी मैदानावर थांबणारी मोठी माणसं. क्रॉसमॅग्लेनचे जो कर्नन 1977 साली काउंट्यांच्या अखिल आयर्लंड स्पर्धेत आर्माकडून डब्लिनविरुद्ध अंतिम सामना खेळले. त्यात त्यांनी दोन गोल केले, तरी संघ हरला. पुढे ते गावच्या क्लबचे प्रशिक्षक झाले आणि पहिले तीन करंडक त्यांच्याच हाताखाली आले. त्या संघातले टोनी मॅकएन्टी 2011 आणि 2012 साली प्रशिक्षक म्हणून उभे होते, आणि मैदानावर कर्नन यांची मुलं होती. शिकलेलं गावातच राहिलं आणि पुढच्यांच्या हाती गेलं.

यावर कुणी म्हणेल, आर्मा काउंटीतली स्पर्धाच कमकुवत असेल. 1996 ते 2015 या वीस वर्षांत एकोणीस वेळा काउंटीचा किताब याच क्लबने जिंकला, म्हणून शंका रास्त आहे. पण 2002 साली याच काउंटीने कर्नन यांच्याच मार्गदर्शनाखाली इतिहासात पहिल्यांदा काउंट्यांची अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली. त्या अंतिम सामन्यात क्रॉसमॅग्लेनच्या ओशीन मॅकॉनव्हिलने पूर्वार्धात पेनल्टी घालवली आणि उत्तरार्धात गोल केला. त्या संघात इतर क्लबांचे खेळाडूही होतेच. कर्णधार कीरन मॅकगीनी मूळचे शेजारच्या मुलाबानचे. दुबळ्या काउंटीला हे जमत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पॅरिशचा नियम आयर्लंडभर आहे, मग हेच गाव का? माझ्या मते नियम फक्त शक्यता निर्माण करतो. एकाच काळात गुणी मुलांची तुकडी निपजणं, तिला नेमका शिक्षक मिळणं, आणि त्या मुलांनी तरुण वयात गाव न सोडणं, यात नशिबाचा वाटा मोठा आहे. तो वाटा संपतोही. 2015नंतरच्या दशकात अल्स्टरचा किताब क्रॉसमॅग्लेनला पुन्हा मिळाला नाही. त्याच काळात डाउन काउंटीतलं किलकू पुढे आलं. 2022 साली त्याने डब्लिनच्या बड्या किलमकड क्रोक्सला हरवून देशाचा करंडक नेला. 2024 साली तो डेरी काउंटीतल्या ग्लेनने जिंकला. या दोन्ही क्लबांच्या मैदानाला खेटून लष्कराचा तळ नव्हता. पॅरिशची पोरं तेवढी होती.