पाइपाबाहेरचे ओढे

२७ जानेवारी २०२३च्या शुक्रवारी ऑकलंडच्या विमानतळावर दिवसभरात सुमारे २४५ मिलिमीटर पाऊस पडला. आधीचा एका दिवसाचा उच्चांक १९८५ सालचा, १६२च्या आसपास. चार माणसं गेली. विमानतळाच्या इमारतीत पाणी शिरलं, वायराउ व्हॅलीतली दुकानं आणि वर्कशॉप बुडाली. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय पाहिलं त्याबद्दल.

आम्ही माउंट रॉस्किलला राहतो. आमच्याकडून वॉल्म्सली पार्क चालत जाण्याइतकं जवळ. तिथून ते औआउंगा वाहतो. जुन्या नकाशांत त्याचं नाव ओकली क्रीक. मी इथे राहायला आलो तेव्हा तो ओढा नव्हताच, काँक्रीट आणि दगडांनी बांधलेला एक सरळ चर होता. पाऊस थांबला की पाणी गायब. २०१९पर्यंत त्याचा दीडेक किलोमीटरचा पट्टा उकरून रुंद केला, वळणं परत दिली, काठ उतरते केले आणि हजारो देशी झाडं लावली. आसपासची सुमारे २०० घरं पुराच्या धोक्यातून बाहेर काढायची, हा हेतू. त्या शनिवारी सकाळी पायवाटेवर बोटभर गाळ होता. काठावरचं ओइओइ, म्हणजे इथली लव्हाळ्यासारखी वनस्पती, सगळं एकाच दिशेला झोपलेलं, ओले केस विंचरावेत तसं. पाणी किती उंच चढलं होतं ते फांद्यांना अडकलेल्या काड्यांवरून कळत होतं. मागच्या गल्लीतल्या माझ्या परिचितांची घरं मात्र कोरडी होती. चारच दिवसांत ओइओइ पुन्हा उभं राहिलं.

माझं म्हणणं गेली वीस वर्षं एकच आहे: पाण्याला जमिनीवर जागा द्या. पाइपवाल्या मंडळींशी माझे त्यावरून किती वाद झाले! मोठा पाइप टाका की प्रश्न मिटला, असं ते म्हणतात. पाइप ठरावीक पावसासाठीच बांधता येतो. त्याहून जास्त आला की उरलेलं पाणी रस्त्यावरून आपली जुनी वाट शोधत जातं, आणि त्या वाटेवर आपण घरं बांधलेली असतात. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी मूळचा पुण्याचा, दांडेकर पुलाजवळचा. आंबिल ओढ्याची वाट पेशवाईत वळवली, पुढच्या काळात काठ आवळत गेले, आणि २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याच ओढ्याने माणसं नेली. ऑकलंडची क्वीन स्ट्रीटसुद्धा अशीच वाइहोरोतिउ ओढ्यावर उभी आहे. वसाहतीच्या काळात त्याचा लिगर कॅनाल नावाचा नाला झाला, आणि १८७०च्या दशकात तो झाकून टाकला. आता तिथल्या नव्या भुयारी स्थानकाला ते वाइहोरोतिउ हे नाव दिलंय. नाव परत आलं, ओढा मात्र अजून खालीच आहे.

ओढ्यांना पुन्हा जागा देण्याची खरी शाळा भरली ती ऑकलंडच्या पश्चिमेकडे, वायटाकेरेत. १९९३मध्ये त्या शहराने स्वतःला ‘इको सिटी’ म्हणवून घेतलं आणि २००३मध्ये ‘प्रोजेक्ट ट्विन स्ट्रीम्स’ सुरू केला. ओराटिया, ओपानुकू आणि त्यांच्या भावंडांचे मिळून सुमारे ५६ किलोमीटर काठ. पूररेषेतली कित्येक घरं नगरपालिकेने विकत घेतली आणि तिथे झाडं लावली. मला त्याहून मोठी वाटते ती कामाची पद्धत. लागवड ठेकेदारावर सोडली नाही, एकेक काठ तिथल्या लोकांच्या हाती दिला. आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं हिवाळ्यातल्या शनिवारी जात असू, कारण इथे लागवडीचा मोसम जून-जुलैचा. डब्यात पोहे आणि थर्मासमध्ये चहा. आधी वांडरिंग विली उपटायची. ही वेल जमिनीवर गोधडीसारखी पसरते आणि तिच्या तुटलेल्या कांडालासुद्धा मुळं फुटतात, म्हणून ओढून तोडायची नाही, चटईसारखी गुंडाळत न्यायची आणि एक तुकडाही मागे ठेवायचा नाही. हे आम्हाला शिकवलं एका सामोअन आजींनी. मग काठाशी हराकेके आणि कारेक्सची देशी रोपं, वर टी-ट्री. माझ्या मुलीने लावलेलं एक झाड आज दुमजली घराएवढं झालंय.

बाकीच्या ठिकाणांचं थोडक्यात सांगतो. वेलिंग्टनचं वायटांगी पार्क २००६चं, त्यात बुजलेला ओढा पाणथळीतून पुन्हा दाखवला आहे. क्राइस्टचर्चने २००३मध्येच नैसर्गिक जलमार्गांची मार्गदर्शिका काढली होती. पुढे तिथल्या भूकंपांत जमीन खचली आणि एव्हन नदीकाठचा सुमारे ६०० हेक्टरचा पट्टा मोकळा सोडावा लागला. कायदे आणि पिण्याचं, सांडपाणी, पावसाचं अशा ‘तीन पाण्यां’च्या सुधारणेचं राजकारण यांवर इतरांनी लिहावं. ऑकलंडमधल्या ग्रीन बेच्या ला रोझा बागेत २०१४मध्ये जुना पाइप बदलण्याऐवजी ओढाच उघडा केला, याचा दाखला मी अजून देतो. नॉर्थकोटचं ग्रीनस्लेड मैदान तर मुद्दाम खोल केलंय. २०२३च्या त्या रात्री ते भरून तळं झालं. एक कोटी वीस लाख लिटर पाणी धरून ठेवायची त्याची क्षमता. पाणी ओसरल्यावर तिथे पुन्हा खेळ सुरू झाले.

दुकानदार आणि कारखानदार मला विचारतात, यात आमचं काय? तुमचं छप्पर आणि तुमचं पार्किंग. इथे रस्त्यावरच्या जाळीत गेलेलं पाणी बहुधा शुद्ध न होता थेट ओढ्यात आणि तिथून समुद्रात जातं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यांवरून जस्त उतरतं, ब्रेकच्या पॅडांतून तांबं. ऑकलंडच्या खाड्यांच्या गाळात याच दोन धातूंची भर पडते आहे. रेन गार्डन याच्यावर साधा उपाय आहे. वर पालापाचोळ्याचा थर, खाली निचऱ्याची माती, तळाशी छिद्रांचा पाइप. पाणी सावकाश मुरतं, गाळ आणि धातू वर अडतात. पण ती जिवंत ठेवावी लागते.

गेल्या महिन्यात एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये अशी एक पाहिली. कर्बला पाणी आत येण्यासाठी ठेवलेली फट पानांनी आणि बर्गरच्या कागदांनी बुजलेली. मातीवर राखाडी साय, बोटाने खरवडली की पापुद्रा निघत होता. बादलीभर पाणी ओतून मी वीस मिनिटं थांबलो, ते तसंच उभं होतं. बांधताना फलक लावला होता, तो अजून चकचकीत आहे. विचारलं तर व्यवस्थापक म्हणाला, हे काम बागवाल्या ठेकेदाराचं. ठेकेदार म्हणाला, आमच्या करारात फक्त झाडं छाटणं आहे.

हेच मला खुपतं. पूर आला की पैसा येतो. सरकार आणि महापालिकेने मिळून सुमारे १२०० घरं विकत घ्यायची ठरवली, ‘मेकिंग स्पेस फॉर वॉटर’चा कार्यक्रम आखला. हे मला मनापासून पटतं. पण फट साफ करायला दर महिन्याला माणूस लागतो, आणि त्याचं नाव कुठल्याच आराखड्यात नसतं. २०१०मध्ये ऑकलंडच्या सगळ्या नगरपालिका एक झाल्या आणि वायटाकेरेतला तो शेजारधर्म पातळ होत गेला. घराच्या पुढच्या अंगणात लोक आता चारचार गाड्यांसाठी काँक्रीट घालतात. त्यांत आपलीही मंडळी आहेत, मी त्यांच्या घरी जेवतो आणि तिथेच सांगतो.

जुलैमध्ये ते औआउंगाच्या काठावर लागवड होती. आम्ही पाच जण होतो, त्यांतला मीच सर्वांत तरुण, बासष्टचा. ऐंशी रोपं होती, दुपारपर्यंत छप्पन्न लागली. उरलेली चोवीस मी गाडीत घालून घरी आणली. गॅरेजच्या दाराशी ठेवली आहेत, रोज पाणी घालतो. ज्यांना येता येईल त्यांनी शनिवारी सकाळी नऊला वॉल्म्सली पार्कच्या पुलापाशी या, फावडी माझ्याकडे आहेत.