वाटीभर भात म्हणजे नक्की किती ग्रॅम?

डब्याचा व्यवसाय सुरू करायचाय असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, एका डब्यात भात किती देणार? उत्तर ठरलेलं: "एक वाटी." मग विचारते, म्हणजे किती ग्रॅम? इथे गाडी अडते. सुरुवातीला माझीही अडली होती.

माझ्या पोळी-भाजी केंद्रातून रोज ६० डबे जातात. मध्यंतरी तांदूळ महिना संपायच्या आधीच संपायला लागला. खोटं कशाला बोलू, मला मदतनीस मावशींचाच संशय आला. पण त्यांना काही बोलण्याआधी एक दिवस मी भात भरताना काटा मधे ठेवला. २०० मिलीची एकच वाटी. एक मावशी भात मोकळा भरत होत्या, वजन आलं १३० ग्रॅम. दुसऱ्या मावशी डावाने दाबून, "पोरांना पोटभर जाऊ दे" म्हणत. त्यांची वाटी १७० ग्रॅम! चोरी कसली, माया होती ती.

आता हिशोब बघा. माझ्याकडे १ किलो कोलमचा साधारण २.६ किलो भात होतो. तांदूळ ६० रुपये किलो धरला तर १३० ग्रॅम भात ३ रुपयांना पडतो आणि १७० ग्रॅम जवळपास ३ रुपये ९० पैशांना. नव्वद पैसे म्हणजे काहीच नाही वाटतं ना? सगळ्या ६० डब्यांत ४० ग्रॅम जास्त गेले तर २६ दिवसांत ६२ किलोच्या वर भात, म्हणजे २४ किलो तांदूळ, म्हणजे १,४४० रुपये. बीबीएला कॉस्टिंगमध्ये मला चांगले मार्क होते, पण ही वाटी त्या पेपरात नव्हती.

गोंधळ का होतो? २०० मिली पाणी २०० ग्रॅम भरतं, म्हणून भातही तेवढाच असेल असं आपण धरून चालतो. पण शितांमध्ये हवा असते. वाटीने आपण जागा मोजतो, आणि त्या जागेत किती भात बसेल हे तांदळावर ठरतं. बासमती लांब आणि सुटा, तो वाटीत कमी वजनाचा बसतो. इंद्रायणी चिकट, गच्च बसतो. नेटवर १ कप शिजलेला भात म्हणजे १५८ ग्रॅम असं दिसतं. तो कप २४० मिलीचा, आणि आकडा लांब दाण्याच्या पांढऱ्या भाताचा आहे. तुमच्या वाटीला आणि तुमच्या तांदळाला तो जसाच्या तसा लावू नका.

स्वतःचा आकडा काढायला अर्धा तास पुरतो. रिकामं पातेलं वजन करून आकडा लिहून ठेवा. १ किलो तांदूळ नेहमीच्याच पाण्यात शिजवा, पातेल्यासकट वजन करा, पातेल्याचं वजा करा. झाला तुमचा उतारा. पाणी बदललं की हा आकडाही बदलतो, म्हणून पाणी अंदाजाने घालू नका. मग काट्यावर रिकामी वाटी ठेवून टेअरचं बटण दाबा, काटा शून्यावर येईल. वाटी मोकळी भरा, वरून सपाट करा, वजन लिहा. असं पाच वेळा करून सरासरी काढा. भात डबे भरताना जितका गरम असतो तितकाच गरम हवा; थंड झालेला भात वाटीत खाली बसतो.

आमच्याकडे आता रोज पहिले पाच डबे काट्यावर भरतात, एकदा हात बसला की बाकीचे वाटीने. तांदूळ बदलला की मोजणी पुन्हा. आणि हो, हा काटा फक्त किचनपुरता. पुलाव-बिर्याणी ग्राहकाला किलोवर विकणार असाल तर वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारलेलाच काटा लागतो.

दाबून भरणाऱ्या मावशी आजही पाच-दहा ग्रॅम जास्तच घालतात. तेवढे मी कॉस्टिंगमध्ये धरून टाकलेत.