साखर, कॅल्शियम आणि जेवणानंतरची दहा मिनिटं

"सिस्टर, कॅल्शियमची गोळी घेतली तर साखर उतरते का?" अलिबागच्या वस्त्यांत तपासणीला गेलो की हा प्रश्न येतोच. गोळीने साखर उतरत नाही. पण साखर वापरण्यात कॅल्शियमचा हात नक्की आहे. मात्र ते डबीतलं नव्हे, आपल्या स्नायूंत आधीच साठलेलं.

पेशीबाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट असतं. आत त्याची बंद कोठारं असतात. पाऊल उचललं की नसेतून निरोप येतो, कोठार उघडतं, कॅल्शियम क्षणभर पेशीत पसरतं आणि स्नायू आवळतो. त्याच वेळी काही प्रथिनांना जागा बदलायचा इशारा मिळतो. त्यातलं एक ग्लुट-4, म्हणजे साखरेला आत घेणारं दार. एरवी ही दारं पेशीच्या पोटात बारीक पिशव्यांत पडून असतात, ओहोटीला खाडीच्या चिखलात टेकलेल्या होड्यांसारखी. कॅल्शियमची भरती आली आणि पेशीतली ऊर्जा खर्चू लागली, की ती कडेला येतात आणि रक्तातली साखर आत घेतात.

इन्सुलिनही हीच दारं कडेला आणतं, पण वेगळ्या वाटेने. टाइप 2 मधुमेहात ती वाट अडते. हालचालीची वाट बरीचशी उघडी राहते.

बंगल्यांवर धुणीभांडी करणाऱ्या भगिनी म्हणतात, दिवसभर राबतो, आणखी काय चालायचं? बरोबर आहे, तेही स्नायूंचंच काम. पण साखर चढते जेवणानंतर, आणि रात्री भात खाल्ला की आपण थेट टीव्हीसमोर. तेव्हा 10-15 मिनिटं चाला. विहारापर्यंत जाऊन या. गल्लीत दिवा नसेल तर ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे मिळून अर्ज द्या. अंधारामुळे बाया घराबाहेर पडत नाहीत, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

चालायला लागलो म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर-पाणी घ्या. पायाला बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नका, वाळूतसुद्धा नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. जाताना सासूबाईंनाही सोबत न्या.