संत्र्याचा आंबटपणा जातो कुठे?

पोळा झाला, जाम नदीत पांढुर्ण्याची गोटमार झाली, की आपल्या सौंसरच्या बागांत अंबिया बहाराचे संत्रे चांगले भरलेले दिसतात. पण एखादा तोडून खाल तर लगेच म्हणाल, "आबाजी, हा तं लय आंबट हाये!" त्याच झाडाचा संत्रा दिवाळीनंतर गोड लागतो. मग आंबटपणा गेला कुठे? ऐका तर पोरांनो.

फोड सोलली की आत रसाच्या बारीक पिशव्या दिसतात. त्या पेशींच्या बनलेल्या. पेशीत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म भाग असतात, तिथे सायट्रिक आम्ल तयार होतं. कोवळं फळ ते साठवून ठेवतं. पिकू लागलं की पेशी तो साठा काढून वापरते. आंबट उतरतं आणि पानांनी पाठवलेली साखर वाढत जाते.

खरी गंमत पुढंच आहे. हेच आम्ल या घडीला तुमच्या पेशींतही बनतंय, संत्रा न खाताही! ज्वारीच्या भाकरीची साखर पेशीत गेली की सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. तंतुकणिकेत शिरताना प्रत्येक तुकडा एक कार्बन गमावतो. उरलेले दोन कार्बन तिथल्या चार कार्बनच्या आम्लाला जाऊन मिळतात, की झालं सायट्रिक आम्ल. मग दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात, चार कार्बनचं आम्ल पुन्हा मोकळं होतं आणि पुढच्या तुकड्याची वाट पाहतं.

हे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली इंग्लंडातल्या शेफील्डला उलगडलं. ज्यू म्हणून १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. त्यांनी कबुतराच्या छातीचा स्नायू घेतला. उडणारा स्नायू, ऑक्सिजन भराभर पिणारा. त्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल घातलं, तर ते आम्ल जाळायला लागेल त्याहून कितीतरी जास्त ऑक्सिजन खर्च झाला. म्हणजे आम्ल संपत नव्हतं, फिरून फिरून तयार होत होतं! 'नेचर'नं जागा नाही म्हणून लेख परत केला. तो हॉलंडच्या एका नियतकालिकात छापून आला. १९५३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं.

चक्रातून निघालेला हायड्रोजन शेवटी ऑक्सिजनला भेटून पाणी होतो आणि त्या वाटेवर पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी तयार होतं. साखर म्हणजे मोठी नोट, एटीपी म्हणजे चिल्लर. पेशीच्या बाजारात चिल्लरच चालते. ऑक्सिजन नसेल तर साखरेच्या एका रेणूमागे दोनच एटीपी हाती लागतात, असेल तर तीसच्या आसपास. हे एटीपी शोधणाऱ्यांत आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, १९२९ साली, हार्वर्डला. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव ठळक यायला हवं होतं, असं मला वाटतं.

आता बागवाल्यांसाठी एक गोष्ट. आंबा, केळी पोटात पिष्ट साठवतात, म्हणून तोडल्यावरही त्याची साखर होऊन गोड होतात. संत्र्याकडे तसा साठा नसतो. हिरवा तोडलेला संत्रा पेटीत पिवळा होईल, पण त्याची साखर वाढणार नाही. तेव्हा व्यापारी कितीही घाई करो, रंगावर जाऊ नका. फोड चाखा आणि मगच तोडणी लावा.