पितृवंशाचा वारसा : समज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील एका गोऱ्या गृहस्थाची जनुकीय तपासणी लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी केली, तेव्हा त्यांच्या हाती अगदी अनपेक्षित निष्कर्ष आला. त्याच्या पेशींतील वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून मुलाकडे आणि केवळ याच मार्गाने उतरणारे गुणसूत्र, पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या एका अतिप्राचीन शाखेचे होते. आपला कोणी पूर्वज आफ्रिकी असावा याची त्या गृहस्थास सुतराम कल्पना नव्हती. त्याचे आडनाव दुर्मीळ होते. ते लावणाऱ्या १८ पुरुषांची तपासणी झाली आणि त्यांपैकी ७ जणांत हीच खूण सापडली. कागदपत्रांवरून वंशावळी जुळविल्या असता या पुरुषांची दोन घराणी निघाली. ती १७८० च्या दशकापर्यंत मागे नेता आली. दोहोंना जोडणारा पूर्वज त्याहूनही आधीचा असला पाहिजे. २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

पितृवंशावरून पुरुषाचे रूप आणि वर्तन ठरते असे मानणाऱ्यांना या उदाहरणाचा उलगडा करणे जड जाईल. त्यांच्या मतानुसार पाहिले तर या घराण्यांतील पुरुषांत आफ्रिकी रूपाची काही तरी छटा दिसावयास हवी होती. परंतु पितृशाखा आफ्रिकी असूनही शेजाऱ्यांहून वेगळा असा हा गृहस्थ कोणास कधी वाटला नव्हता. तरीही हा समज ओसरलेला नाही. उलट त्याला नवी बाजारपेठ मिळाली आहे. अलीकडे थुंकीचा नमुना पाठविला की ठरावीक शुल्कात पितृशाखेचे नाव कळविणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. पूर्वी जे गोत्राच्या आणि कुळीच्या नावाने सांगितले जाई, ते आता रोमन अक्षरे आणि आकडे यांच्या आधारे सांगितले जाते. अमुक शाखेचे पुरुष उंच आणि लढाऊ, तमुक शाखेचे शांत आणि हिशेबी, अशी वर्गवारी मोठ्या हौसेने केली जाते.

याबाबतीत साधे अंकगणित उपयोगी पडते. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येक व्यक्तीच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. एकच व्यक्ती त्यांतील दोन-तीन जागांवर असू शकते, पण त्यामुळे हिशेबाचा रोख बदलत नाही. पुरुषाचे वाय गुणसूत्र या १,०२४ जागांपैकी एकाच जागेवरून आलेले असते. शिवाय हा वारसाही आकाराने लहानच आहे. या गुणसूत्राचे संपूर्ण वाचन २०२३ साली पूर्ण झाले. त्यात सुमारे ६ कोटी २० लाख अक्षरे आणि प्रथिने घडविणारी १०६ जनुके आढळली. मनुष्याच्या एकूण जनुकांची संख्या वीस हजारांच्या आसपास आहे. १०६ मध्येही कित्येक जनुके म्हणजे एकमेकांच्याच प्रती असून त्यांचे काम मुख्यतः शुक्रजंतूंच्या निर्मितीशी निगडित आहे. गर्भाला पुरुषत्वाकडे वळविणारे निर्णायक जनुक १९९० साली सापडले. तेही याच गुणसूत्रावर आहे, परंतु ते सर्वच शाखांच्या पुरुषांत असते; त्याने एका कुळाचा पुरुष दुसऱ्या कुळाच्या पुरुषाहून वेगळा ठरत नाही.

मग पूर्वजांचा माग काढण्यास हेच गुणसूत्र का निवडले जाते? इतर गुणसूत्रांची आईबापांकडून आलेली जोडी प्रत्येक पिढीत आपसांत तुकडे बदलते. वाय गुणसूत्राचा बहुतेक भाग मात्र अखंड पुढे जातो. चलनी नोटेवरील क्रमांकासारखे त्याचे आहे. क्रमांकावरून नोट कोठल्या गठ्ठ्यातून निघाली हे सांगता येते. ती बाजारात किती माल आणील, हे काही क्रमांकावर ठरत नाही.

त्वचेच्या रंगावर प्रभाव पाडणारी प्रमुख जनुके अन्य गुणसूत्रांवर आहेत. उंचीशी संबंधित अशी १२ हजारांहून अधिक स्थाने २०२२ साली ५४ लाख लोकांच्या माहितीवरून निश्चित झाली. तीही अन्य गुणसूत्रांवरच विखुरलेली आहेत. टकलाची कथा तर विशेष मनोरंजक आहे. टक्कल पडण्यास अनेक जनुके कारणीभूत असली, तरी त्यांतील सर्वांत प्रभावी जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि पुरुषाला एक्स गुणसूत्र मिळते ते आईकडून. म्हणजे आजोबांच्या टकलाचा हा मुख्य वाटा मुलाच्या मुलाकडे जाऊच शकत नाही. तो मुलीच्या मुलाकडे मात्र जाऊ शकतो. तांबडा-हिरवा रंग न ओळखू येण्याचा दोषही याच वाटेने उतरतो.

वर्तनाविषयी याच गुणसूत्राने एकदा जगभर मोठी खळबळ माजविली होती. स्कॉटलंडमधील कार्स्टेअर्स येथील कडेकोट बंदोबस्ताच्या रुग्णालयातील १९७ पुरुषांपैकी ७ जणांत एक वाय गुणसूत्र जादा असल्याचे १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि ‘गुन्हेगारीचे गुणसूत्र’ सापडल्याची हाकाटी सुरू झाली. शिकागोत १९६६ साली ८ तरुण परिचारिकांचा खून करणाऱ्या रिचर्ड स्पेकच्या अंगीही हेच जादा गुणसूत्र असल्याच्या बातम्या १९६८ साली झळकल्या. वस्तुतः तपासणीत त्याची गुणसूत्रे इतर पुरुषांसारखीच निघाली. पुढे १९७६ साली डेन्मार्कमधील अभ्यास प्रसिद्ध झाला. कोपनहेगनमधील ४,१३९ उंच पुरुषांची तपासणी करून असे १२ जण शोधण्यात आले होते. त्यांपैकी ५ जणांना शिक्षा झालेल्या होत्या हे खरे. पण गुन्हे बहुतांशी किरकोळ होते आणि हे लोक अधिक हिंसक असल्याचा पुरावा मिळाला नाही. जादा वाय गुणसूत्राचे पुरुष सरासरीने उंच असतात, एवढा त्याचा परिणाम रूपावर दिसतो. हे गुणसूत्र वंशपरंपरेने आलेले नसून बापाच्या शुक्रजंतूंच्या निर्मितीत आकस्मिक चूक होऊन आलेले असते. एक अख्खे गुणसूत्र जादा येऊनही जर माणूस खुनी बनत नसेल, तर दोन शाखांच्या वाय गुणसूत्रांतील बारीकसारीक फरकांनी एक कुळ शूर आणि दुसरे भित्रे कसे ठरावे?

याचा अर्थ मुलगा बापासारखा नसतो असा नव्हे. तो असतोच, आणि मुलगीही असते; कारण उरलेल्या गुणसूत्रांचा निम्मा वाटा दोघांनाही बापाकडून सारखाच मिळतो. त्याखेरीज बोलण्याची लकब, रागाची आणि काटकसरीची रीत, हातातले कसब हे घरातल्या सहवासातून येते. सुताराच्या मुलाचा हात लाकडावर बसतो, त्याला किकऱ्याशी झालेली लहानपणची ओळख कारण आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाची झळ बसते ती ‘वंशाच्या दिव्या’पायी. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा या राज्याने १९८८ सालीच, केंद्राच्या सहा वर्षे आधी केला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेतील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. मुलाचे मूल आणि मुलीचे मूल, दोहोंत आजोबांच्या जनुकांचा वाटा सरासरीने चौथाईच असतो. केवळ पुरुषांच्या साखळीने जाते ते एक लहानसे गुणसूत्र. बाकी आडनाव आणि जमीन ही माणसांनी ठरविलेली व्यवस्था आहे. त्यांतील जमिनीची साखळी कायद्याने तोडता आली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, देशभर २००५ साली. तरी वाटणीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत गावोगाव चालूच आहे. ज्या भाच्याच्या माथ्यावर आजोबांचे टक्कल उतरण्याचा संभव अधिक, त्याच्याच आईचे नाव सातबाऱ्यावरून कमी केले जाते.